सनाला जाल हो, पण अडलात तर?

येमेनची राजधानी सना आपल्या फोनवर सध्या दोन वाटांनी येते. एक वाट रील्सची: विटकरी रंगाच्या सहा-सात मजली जुन्या हवेल्या, खिडक्यांभोवती पांढरी नक्षी, रंगीत काचांतून बाहेर येणारा उजेड आणि खाली कुणाचा तरी प्रश्न, ‘भाऊ, इथे जायचं कसं?’ दुसरी वाट बातम्यांची. एका येमेनी माणसाच्या खुनाबद्दल सनाच्या तुरुंगात असलेल्या केरळच्या एका परिचारिकेच्या फाशीची तारीख जुलै २०२५ मध्ये ठरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे केंद्र सरकारने सांगितलं की, आम्हाला करता येण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना ते पचलं नाही. एवढा मोठा देश, आणि एका तुरुंगापर्यंत हात पोचत नाही?

या दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत. धोका म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. सनात तो धोका आहेच. पण साध्या प्रवाशासाठी त्याहून मोठी अडचण अशी की, परदेशात काही बिनसलं तर आपण ज्यांच्याकडे धावतो, ती वकिलात, विमा कंपनी, बँक, विमान कंपनी यांपैकी तिथे कुणीच जागेवर नाही.

## आधी शहर समजून घेऊ

कुणाला जावंसं वाटलं तर त्याला वेड्यात काढू नये, असं हे शहर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही साडेपाचशे मीटर वर. अडीच हजार वर्षांहून जास्त काळ सलग वस्ती. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात युनेस्कोच्या नोंदीनुसार सहा हजारांवर घरं, १०३ मशिदी आणि १४ हमामखाने. १९८६ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

घराची रचना उभी असते. तळमजला दगडी, पूर्वी धान्य आणि जनावरं ठेवण्यासाठी. वरचे मजले भाजक्या विटांचे, आणि विटांच्या नक्षीवर जिप्समचा पांढरा हात. खिडकीच्या वरच्या अर्धगोलात जिप्समच्या जाळीत रंगीत काचा बसवतात. तिला ‘कमरिया’ म्हणतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर ‘मफरज’ नावाची बैठकीची खोली. दुपारी पुरुषमंडळी तिथे तक्क्यांना टेकून, गालात ‘कात’ची पानं धरून तासन्‌तास गप्पा मारतात. (हा आपला विड्यातला कात नव्हे. एका झुडपाची कोवळी पानं, चघळली की तरतरी येते, आणि येमेनचं बरंच पाणी या पिकाला जातं.) दुपारच्या जेवणात ‘सल्ता’ असतो: दगडी भांड्यात रटरटत येणारा रस्सा आणि वर फेटलेल्या मेथीचा फेस. मेथीदाणे भिजवून फेटल्यावर एवढा फेस येतो हे आपल्याकडच्या सुगरणींनाही नवल वाटेल.

मला या शहरातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती तिथल्या भाजीच्या वाड्या. घरांच्या दाटीत मध्येच खोलगट हिरवे चौकोन दिसतात. मशिदीत वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, वापरलेलं पाणी उतारावरून या वाड्यांत येतं आणि त्यावर मुळा, कांद्याची पात पिकते. वाड्या वक्फच्या. पाण्याचा थेंबही वाया न घालवणाऱ्या लोकांनी हे शहर बांधलं आहे. इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत १९७२ मध्ये कुराणाची अतिशय जुनी चर्मपत्रं सापडली, त्यांचा अभ्यास अजून चालू आहे.

जून २०१५ मध्ये हवाई हल्ल्यात जुन्या शहरातल्या अल-कासिमी भागातली घरं कोसळली, माणसं मेली. त्याच वर्षी युनेस्कोने शहराला ‘धोक्यातला वारसा’ ठरवलं. ऑगस्ट २०२० मध्ये धो धो पावसात आणखी घरं पडली. दोष एकट्या पावसाचा नव्हता. ही घरं दरवर्षी डागडुजी मागतात, गच्ची लिंपावी लागते. देशाची मध्यवर्ती बँक २०१६ मध्ये सनाहून दक्षिणेतल्या एडन शहरात हलवली गेली, त्यानंतर सनाकडच्या बहुतेक सरकारी नोकरांचे पगार थांबले. पगार नाही तर गच्ची लिंपणार कशाने?

## एक कमिटी कागदावर, दुसरी गेटवर

मुंबईतल्या एखाद्या भांडण लागलेल्या सोसायटीची कल्पना करा. इमारत एक, कमिट्या दोन. पहिलीचं नाव रजिस्ट्रारच्या दफ्तरी आहे, लेटरहेड आणि शिक्का तिच्याकडे, पण तिच्या बऱ्याच सभासदांना इमारत सोडून जावं लागलंय. दुसरीचं नाव दफ्तरात नाही, पण गेट, वॉचमन, पंपाची किल्ली आणि लिफ्ट तिच्या ताब्यात. तुम्ही पहिल्या कमिटीचं पत्र घेऊन गेटवर गेलात तर वॉचमन काय करेल? फार तर हसेल. वाईट दिवस असेल तर विचारेल, ‘तुम्ही त्यांची माणसं का?’

येमेनमध्ये हेच झालंय. उत्तरेकडच्या सादा भागातून उभी राहिलेली हुथी चळवळ (त्यांचं स्वतःचं नाव अन्सार अल्लाह) सप्टेंबर २०१४ मध्ये सनात घुसली. राष्ट्राध्यक्ष हादी फेब्रुवारी २०१५ मध्ये निसटून एडनला गेले. मार्चअखेरीस सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली काही देशांनी हादींच्या बाजूने हवाई हल्ले सुरू केले. इराणचा पाठिंबा हुथींना. तेव्हापासून जगाच्या दफ्तरी नोंद असलेलं सरकार एडनमध्ये किंवा सौदीतल्या रियाधमध्ये असतं, आणि सना हुथींकडे आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये युद्धविराम झाला, मोठ्या लढाया थंडावल्या, पण ही फाळणी मिटली नाही.

एखाद्या राजवटीला ‘तुम्हीच या देशाचं सरकार’ असं दुसऱ्या देशांनी अधिकृतपणे म्हणणं म्हणजे मान्यता. भारताची मान्यता एडनच्या सरकारला आहे. म्हणजे नवी दिल्लीतली येमेनची वकिलात पहिल्या कमिटीची. सनातल्या गेटवर उभ्या असलेल्यांशी भारताचे राजनैतिक संबंधच नाहीत.

ही फाळणी खिशातही दिसते. एडनच्या बँकेने छापलेल्या नव्या नोटांवर हुथींनी डिसेंबर २०१९ मध्ये बंदी घातली. त्यामुळे सनात जुन्याच, चिंध्या झालेल्या नोटा फिरतात. त्या इतक्या झिजल्या की २०२४ मध्ये हुथींनी शंभर रियालचं नाणं काढलं. रियाल तोच, नाव तेच, पण सनात डॉलरला पाचशेच्या आसपास रियाल आणि एडनमध्ये त्याच्या कितीतरी पट. एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्याच्या खिशातल्या पैशांचा अर्थच बदलतो.

## व्हिसा मिळाला म्हणजे झालं का?

नाही. व्हिसा पहिल्या कमिटीचा, सनाच्या नाक्यावर चालतो तो हुथींचा परवाना. एडनहून सनाकडे जाताना वाटेत अनेक नाके, आणि कुठल्या तरी वळणावर नाक्यावरचा माणूस दुसऱ्या बाजूचा होतो. आधीच्या नाक्यावर कामाला आलेला कागद पुढच्या नाक्यावर संशयाचं कारण ठरू शकतो.

परवान्यांची सवय येमेनला जुनी आहे. पर्यटन जोरात होतं तेव्हाही सनाबाहेर पडायला ‘तसरीह’ नावाचा कागद लागे. गाडीवाले त्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा डॅशबोर्डवर ठेवत आणि नाक्यानाक्यावर एकेक प्रत देत पुढे जात. तेव्हा तो गठ्ठा वैतागाचा विषय होता. आता प्रश्न कागदांपुरता राहिलेला नाही. जून २०२४ पासून हुथींनी संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदत संस्थांच्या डझनावारी कर्मचाऱ्यांना पकडलं, आणि हेरगिरीचे आरोप ठेवले. त्यांतले बहुतेक येमेनीच. ज्यांच्या मागे संयुक्त राष्ट्रं उभी आहेत त्यांची ही गत, तर गळ्यात कॅमेरा आणि पाठपिशवीत ड्रोन घेऊन आलेल्या हौशी माणसाकडे तिथला पहारेकरी कोणत्या नजरेने बघेल?

## ‘सल्ला’ आणि ‘बंदी’ यांत फरक आहे

परराष्ट्र मंत्रालय अधूनमधून ‘अमुक देशात अनावश्यक प्रवास टाळा’ असं सांगतं. तो सल्ला, म्हणजे ट्रॅव्हल ॲडव्हायझरी. न मानल्यास गुन्हा होत नाही. जबाबदारी तुमची, एवढंच.

येमेनचं तसं नाही. २६ सप्टेंबर २०१७ च्या अधिसूचनेने भारतीय नागरिकांना येमेनला जायला बंदी आहे. विशिष्ट, अत्यावश्यक कारण असेल तर ठरावीक मुदतीसाठी सूट मागता येते. स्थापत्य पाहण्याची आस हे अत्यावश्यक कारण धरलं जात नाही. बंदी मोडली तर पासपोर्ट जप्त किंवा रद्द होऊ शकतो. म्हणजे सनाहून सुखरूप परतलात, व्हिडिओ टाकलात, लाखभर लोकांनी पाहिला, तरी तोच व्हिडिओ तुमच्याविरुद्धचा पुरावा.

सूट मिळवणं किती अवघड असतं ते त्याच परिचारिकेच्या आईला विचारावं. मुलीला भेटायला आणि मृताच्या नातेवाइकांची क्षमा मागायला जाण्यासाठी तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निर्देश दिले. प्रत्यक्ष पाऊल येमेनमध्ये पडलं ते एप्रिल २०२४ मध्ये.

## वकिलात नसली तर काय अडतं?

एरवी आपल्याला वकिलात आठवते ती पासपोर्ट हरवला की. पण तिचं मोठं काम वेगळं. परदेशात भारतीय माणसाला अटक झाली तर त्याला आपल्या वकिलातीला कळवण्याचा आणि तिच्या अधिकाऱ्यांना भेटण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो दिला आहे. अधिकारी तुरुंगात जातो, वकील बघतो, दुभाष्या बघतो, घरी निरोप देतो. निकाल तो बदलू शकत नाही. पण आत बसलेल्याच्या मागे कुणीतरी आहे, हे जेलरला दिसतं. त्याने फरक पडतो.

सनातली भारतीय वकिलात २०१५ मध्ये बंद झाली. कामकाज आधी समुद्रापलीकडच्या जिबूती देशातून, नंतर रियाधमधून. मग तुरुंगात भेटायला जाणार कोण? निरोप जायचा तो ओमानमार्फत, इराणमार्फत, टोळीप्रमुखांमार्फत, धर्मगुरूंमार्फत, ओळखीच्या ओळखीतून. परिचारिकेच्या प्रकरणात फाशीच्या ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, १५ जुलैला, ती पुढे ढकलल्याची बातमी आली. श्रेय कुणाचं यावर पुढे दावे-प्रतिदावे झाले. तिथल्या कायद्यात मृताच्या वारसांना ‘दिया’, म्हणजे रक्ताची भरपाई, घेऊन माफ करता येतं. म्हणजे निर्णय एका शोकग्रस्त घराच्या हातात, आणि त्या घराच्या दारापर्यंत आपल्या सरकारचा माणूस सरळ जाऊ शकत नाही. सरकारने न्यायालयात जे सांगितलं त्यामागचं वास्तव हे आहे. सरकारने अधिक प्रयत्न करायला हवे होते का, यावर वाद घालता येईल. पण सनातल्या गेटची किल्ली दिल्लीकडे नाही, यावर वाद नाही.

उलट उदाहरण सीरियातल्या दमास्कसचं. तेही तितकंच प्राचीन अरब शहर, तिथेही तेरा वर्षं युद्ध. पण भारताची वकिलात तिथे चालू राहिली. ८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट कोसळली तेव्हा दोनच दिवसांत ७५ भारतीयांना लेबनॉनमार्गे बाहेर काढलं; त्यांत सय्यदा झैनबच्या दर्ग्यात अडकलेले जम्मू-काश्मीरचे ४४ यात्रेकरू होते. गोंधळ दोन्हीकडे. दमास्कसमध्ये फोन उचलायला माणूस होता.

एडनमध्ये मार्च २०१६ मध्ये मदर तेरेसांच्या सिस्टर्सच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला, सोळा जण मारले गेले आणि केरळचे एक धर्मगुरू पळवले गेले. ते सुटले सप्टेंबर २०१७ मध्ये, दीड वर्षाने, ओमानच्या मध्यस्थीने. आणि हे एडन होतं, भारताची मान्यता असलेल्या सरकारचं शहर.

## विमा, बँक, विमान

हे थोडक्यात. प्रवास विम्याच्या कागदात ‘काय मिळणार नाही’ ची यादी असते, तीत युद्ध, यादवी, बंड हे शब्द ठरलेले असतात. सरकारने जायला मनाई केलेल्या ठिकाणचा दावाही मान्य होण्याची आशा धरू नये. पाय मोडला तरी कंपनी विचारणार, मोडला कुठे?

अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये हुथींना परकीय दहशतवादी संघटनेच्या यादीत घातलं, सनातल्या मोठ्या बँकांवर निर्बंध आणले. घरच्यांनी इथून पैसे पाठवायचे म्हटले तर रस्ता नाही. सगळी मदार कमरेला बांधलेल्या डॉलरवर.

विमानाचं म्हणाल तर सनाचा विमानतळ ऑगस्ट २०१६ पासून मे २०२२ पर्यंत प्रवासी विमानांना बंदच होता. मग येमेनिया या तिथल्या विमान कंपनीची विमानं जॉर्डनमधल्या अम्मानला जाऊ लागली. जुलै २०२४ च्या समझोत्यात सनाहून कैरो आणि भारतासाठीही उड्डाणं ठरली, कारण उपचारांसाठी येमेनी माणसाला मुंबई जवळची. पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात शिकायला येणारी येमेनी मुलंही अनेकांनी पाहिली असतील. मे २०२५ मध्ये इस्रायलने या विमानतळावर दोनदा हल्ले केले. २८ मे रोजी तिथलं येमेनियाचं उरलेलं शेवटचं विमानही जळालं. ऑगस्टअखेरीस इस्रायली हल्ल्यात हुथी सरकारचे पंतप्रधान आणि कित्येक मंत्री सनातच मारले गेले. तिकीट हातात असणं आणि परतीचं विमान उभं असणं, या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## ‘अहो, पण तो यूट्यूबर जाऊन आला ना!’

आला असेल. जो परत येतो तोच व्हिडिओ टाकतो. शिवाय अशी मंडळी बहुधा दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर असतात, सोबत स्थानिक माणूस आणि राजवटीची परवानगी असते, आणि काय दाखवायचं हेही बऱ्यापैकी ठरलेलं असतं. बाजार, हसरी मुलं, मेथीचा फेस. हे खोटं नाही. येमेनी माणूस पाहुण्याचं करतो ते मनापासून करतो, आणि रस्त्यावर चार दिवस काहीच वाईट घडत नाही. तुरुंग मात्र व्हिडिओत येत नाही. व्हिडिओची तारीखही पाहावी. २०१० पूर्वीची दृश्यं आजही नव्या संगीतासह फिरतात.

येमेनमध्ये पर्यटकांना पळवण्याचे प्रकार नव्वदच्या दशकातही होत. तेव्हा टोळ्यांना रस्ता हवा असे, नोकऱ्या हव्या असत, किंवा तुरुंगातला आपला माणूस. ओलिसांना पाहुण्यासारखं जेवूखाऊ घालून सोडून दिल्याच्या गोष्टी लोक रंगवून सांगत. डिसेंबर १९९८ मध्ये अब्यान भागात चार ओलीस मारले गेले आणि त्या गोष्टींतली गंमत संपली. २००७ मध्ये मारिबला आत्मघाती हल्ल्यात आठ स्पॅनिश पर्यटक गेले, २००९ मध्ये शिबामला चार कोरियन. म्हणजे ‘पूर्वी सगळं आलबेल होतं’ हेही खरं नाही.

## ‘मरण काय, लोकलमधूनही येतं’

हा आपला आवडता युक्तिवाद, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. मुंबईच्या रुळांवर माणसं जातात, एक्सप्रेसवेवर जातात. पण लोकलमधून पडलेल्याला उचलायला हमाल धावतात, १०८ येते, केईएम असतं, पोलीस पंचनामा करतात, घरी फोन जातो. अपघात होण्याची शक्यता एक, आणि झाल्यावर सावरण्याची शक्यता दुसरी. सनाच्या बाबतीत लोक पहिल्या आकड्यावर वाद घालतात. घात दुसरा करतो.

## ‘सरकार आणेलच की, २०१५ मध्ये आणलं होतं’

ऑपरेशन राहत अभिमान वाटावा असंच होतं. युद्ध पेटल्यावर काही दिवसांत आयएनएस सुमित्रा एडनला लागली, पाठोपाठ आयएनएस मुंबई आणि आयएनएस तर्कश. सनाहून एअर इंडियाची विमानं जिबूतीला फेऱ्या मारत होती. बॉम्बफेक चालू असलेल्या आकाशातून जाण्यासाठी सौदींनी दिवसातले काही तास मोकळे दिले होते. ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर आले.

पण ते जमलं कशामुळे? तेव्हा सनात वकिलात उघडी होती, भारतीयांच्या याद्या तिच्याकडे होत्या, सौदी आपलं ऐकत होते आणि विमानतळावर धावपट्टी शाबूत होती. शिवाय ती माणसं पोटासाठी गेलेली होती, बहुतेक परिचारिका आणि कामगार. त्यानंतरच ‘आता जाऊ नका’ म्हणून बंदी आली. बंदी मोडून गेलेल्या दोन-चार हौशींसाठी युद्धनौका निघेल अशी आशा कुणी धरू नये.

## ‘मग सोकोत्रा तरी?’

विचित्र छत्रीसारख्या झाडांचं ते बेट समुद्रात खूप दूर, युद्धापासून बरंचसं अलिप्त, आणि विदेशी पर्यटक तिथे जात आले आहेत. टूर कंपन्या ‘हे येमेन वेगळं’ असं सांगतात. पण सोकोत्रा येमेनचाच भाग आहे, आणि अधिसूचनेत येमेन म्हटलंय. तुमच्या पासपोर्टपुरता प्रश्न तिथेच संपतो. बेटावर जायचं-यायचं विमान आठवड्याला मोजकंच, हे वेगळं.

## ‘पर्यटक गेले तर तिथल्या गरिबाच्या हातात चार पैसे पडतील’

या मुद्द्यापाशी मला थांबावं लागतं, कारण तो खरा आहे. जुन्या शहरातला चांदीकाम करणारा, खंजिराच्या मुठी घडवणारा, हॉटेलवाला, गाईड, सगळ्यांचा धंदा बुडालाय. पण परवान्याचं शुल्क राजवटीला जातं, आणि परदेशी पाहुणा अडकला तर त्याला ठेवून घेणाऱ्या यजमानावरही बालंट येतं. घरं वाचवण्यासाठी युरोपीय संघाच्या पैशाने युनेस्कोने एक योजना चालवली: शहरातल्याच तरुणांना रोजंदारी देऊन जुन्या घरांची दुरुस्ती. रोजी मिळते, हुन्नर टिकतो, गच्ची गळायची थांबते. पैसा पोचवायची ही वाट मला जास्त पटते.

## ज्यांचं नातं पर्यटनापलीकडचं आहे

येमेन आपल्याला वाटतो तितका परका नाही. शाळेत वासुदेव बळवंत फडके शिकलेल्या प्रत्येकाला एडनचा तुरुंग माहीत असतो. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते तिथेच गेले. १८३९ पासून एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, म्हणून तर त्यांना तिथे पाठवलं. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरं आहेत. त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत आलेले हद्रामौतचे अरब, आणि हद्रामौत येमेनमध्येच. आणि मुंबईतले दाऊदी बोहरा: त्यांची गादी सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातला आली, सनाच्या पश्चिमेला हराझच्या डोंगरात हुतैबला त्यांच्या तिसऱ्या दाईंची, म्हणजे धर्मप्रमुखांची, कबर आहे. कळस-किल्ले पाहून झाले म्हणून सना बघू म्हणणाऱ्याला बंदी ही हौसेची अडचण, या लोकांना ती घरच्या मातीची. कायदा दोघांना एकच. त्यांच्यासाठी मार्ग सूट मागण्याचाच, लेखी कारणासह आणि वेळ हाताशी ठेवून.

## मग बघायचं काय आणि कधी?

उंच घरं, लाकडी सज्जे आणि जुना बाजार बघायची ओढ असेल तर जेद्दाचं अल-बलद आहे, ओमानमध्ये निझवा आहे, कैरोचं जुनं शहर आहे. तिन्ही देशांत भारताची वकिलात चालू आहे. यांतलं कुठलंच सना नाही, हे कबूल.

सनासाठी बातम्यांतल्या ‘शांतता चर्चा’वर जाऊ नका, त्या अनेकदा झाल्या आणि फिसकटल्या. २०१७ ची अधिसूचना मागे घेतली का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. भारतीय वकिलात सनात परतली का, ते पाहा. मग एखाद्या विमा कंपनीला लेखी विचारा, की येमेनमध्ये आजारी पडलो तर पैसे द्याल का. तोंडी ‘हो सर, कव्हर होतं’ वर विसंबू नका, पॉलिसीतलं कलम मागा. हे लिहीपर्यंत यांतली पहिलीच अट पुरी झालेली नाही.